धाकटीसाठी घेतलेली फटफटी

मोठीच्या तेराव्याहून आबा परत आले. गाडीचे बैल सोडायच्या आधी, जुवावर हात ठेवूनच त्यांनी मला विचारलं, "तुले फटफटी चालवता येते ना रे?"

मी हो म्हटलं. कशाला विचारता, असं उलट विचारायची माझी त्या घरात हिंमत नव्हती. मोठी म्हणजे आबांची थोरली मुलगी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणात तिला कळा लागल्या, सुईणीनं दुपारीच हात टेकले आणि अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून आम्ही गाडी जुंपली. आमचं गाव मोर्शीच्या सडकेपासून दीड कोस आत. त्या दीड कोसातल्या काळ्या चिखलात चाक आसापर्यंत रुतलं. आम्ही चाकाला खांदे लावून होतो आणि माय, म्हणजे आबांची बायको, गाडीत मोठीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बऱ्याच वेळानं माय म्हणाली, "राहू द्या आता. ढकलू नका."

मी त्या घरचा कोणी नव्हतो. मी कोकणातला, खाडीकाठचा. मराठी तिसरी अर्ध्यावर सोडून गावच्या एका माणसाबरोबर अकोल्याला आलो आणि मोटारी दुरुस्तीच्या एका कारखान्यात नटबोल्ट रॉकेलनं धुवायला लागलो. पुढे हात बसला, यंत्र उघडायला मिळू लागलं. मग हिवताप आला आणि जाईना. कारखान्याच्या मालकानं पथारी उचलून बाहेर ठेवली. मी बाजाराच्या कडेला पडून होतो, तिथे संत्री घेऊन आलेल्या आबांनी मला पाहिलं. "कोणाचा रे तू?" असं विचारलं. मग त्यांनी रिकाम्या गाडीतल्या कडब्यावर मला टाकलं आणि घरी आणलं. मायनं मला काढे पाजले, ज्वारीच्या कण्या भरवल्या. बरा झालो तेव्हा बागेतल्या विहिरीवर तेलाचं नवं इंजिन बसलं होतं, ते माझ्या हवाली झालं. जेवायला बसलो की अजूनही मला वाटायचं, आज कोणीतरी म्हणेल, बस झालं, निघ आता. कोणी म्हणालं नाही. पण वाटणं काही थांबलं नाही.

पुढच्या वर्षी आषाढात धाकट्या मुलीच्या सासरहून सांगावा आला. तिला दिवस गेले होते. घरात कोणी गोड केलं नाही. मायनं देवापुढे दिवा लावला आणि रिकाम्या चुलीसमोर जाऊन बसली. आबांनी मला विहिरीवर गाठलं.

"हिवाळ्यात येईन तिची येळ. सडक वाळलेली असन. गाडी-बैलानं रात जाते अमरावती पोचाले. फटफटी किती येळात पोचते?"

"रस्ता बरा असला तर दोन तासांत. पण बाईमाणूस मागं बसेल कसं, त्या अवस्थेत?"

"त्याले बाजूले डबा असते, मी पाह्यला. लढाईतले सोजीर बसत त्यात. तशी पाह्य."

दवाखान्यात कळा लागल्याशिवाय ठेवून घेत नव्हते, आणि अमरावतीत आमच्या ओळखीचं एक दार नव्हतं. सर्विस मोटर सकाळी एकदा जायची आणि संध्याकाळी एकदा, तीही भरली असली तर आमच्या फाट्यावर थांबत नसे. मोर्शीच्या दवाखान्यात पोट फाडून मूल काढणारं कोणी नव्हतं. म्हणजे फटफटी. आबांनी ती आपल्या डोक्यात मोठीच्या तेराव्यालाच घेतली होती, आमचं फक्त बाजारात जायचं राहिलं होतं.

आश्विनात संत्र्यांचा आंबिया बहार झाडावरच विकला गेला. व्यापाऱ्यानं सगळे पैसे रोख दिले, ते आबांनी कमरेच्या कशात, म्हणजे पैशांच्या पिशवीत, बांधले. आहे त्यातच भागवायचं, वर एक पै नाही, हे त्यांनी मला निघताना सांगितलं आणि वाटेत आणखी दोनदा सांगितलं. बरोबर घरून त्यांनी अंबाडीचं नवंकोरं दावं घेतलं होतं. मला वाटलं, फटफटी बंद पडली तर ओढायला असेल.

आधी अमरावतीला गेलो. जयस्तंभाच्या अलीकडे सायकली आणि मोटारसायकलींचं एक दुकान होतं, काचेची दारं, आत पंखा. टोपीवाल्या एजंटानं आबांचं धोतर आणि माझे पाय बघितले, पण आबा कमरेला हात लावून उभे होते ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. लगेच खुर्च्या आल्या. सोडावॉटर आलं.

"नवीन घ्या हो पाटील! जुनी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं. ही बघा, विलायती, आत्ता बोटीतून उतरली. आपल्याला अर्धे आज द्यायचे, राहिलेले हप्त्यानं."

"हप्ता म्हंजे?"

"दर महिन्याला थोडे थोडे."

"अन् नाई देल्ले तं?"

एजंट हसला. "तर काय, गाडी परत आमची. पण तुम्ही थोडेच चुकवणार!"

आबा उठले. सोडावॉटर अर्धं राहिलं होतं ते त्यांनी मला प्यायला लावलं, कारण त्याचे पैसे मागतील अशी त्यांना शंका होती. दारापर्यंत एजंट मागं आला. हप्ता कमी करतो म्हणाला, साइडकार फुकट बसवून देतो म्हणाला, आणि शेवटी रस्त्यावर सगळ्यांदेखत ओरडला, "अहो, मग बैलच घ्या!"

"बैल घरी हायेत," आबा मागं न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला. जिनिंगच्या मागच्या एका आवारात लष्कराचा लिलावात घेतलेला माल विकायला लागला होता: तंबू, पाण्याचे पिंप, बूट, आणि एका पत्र्याखाली ओळीनं मोटारसायकली. विकणारा काळ्या चष्म्याचा, मुंबईकडचा. त्याची जीभ एका जागी ठरत नव्हती, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायचा. आम्ही फाटकात पाय टाकला आणि तो पळतच आला.

"आइये, आइये पाटीलसाहेब! बघायचे पैसे नाही लागत. साइडकार पाहिजे? तुम्हाला साइडकारच पाहिजे, मी चेहऱ्यावरून ओळखतो. दोनच राहिल्यात. कल एक भी नहीं मिलेगी."

दोन होत्या. एक हिरव्या रंगात चकाकत होती, सीट नवी, दिवा नवा. दुसरी धुळीच्या रंगाची. तिच्या साइडकारला पोचा होता आणि रंग ठिकठिकाणी उडालेला. साइडकारचं टोक पुढं निमुळतं होतं. मला ती आमच्या खाडीतल्या होडीसारखी दिसली. इतकी वर्षं मी घराची आठवण काढायची टाळत होतो.

चष्मेवाल्यानं हिरवीवर थाप मारली. "ही घ्या. साहेबाची गाडी. मिलिटरीचा माल आहे, गोळी खाऊन चालते."

"गोई खाल्ली असन तं मंग आमाले काहून देता?" आबांनी विचारलं.

"म्हणजे खाल्ली नाही हो, खाल्ली तरी चालेल असं म्हणतो."

आबा हिरवीभोवती एक फेरा मारून आले. मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं टाकीचा रंग खरवडला. हिरव्याखाली गंज निघाला.

"पोयाच्या सणाले बैलाची शिंगं रंगवतेत आमच्याकडं," ते म्हणाले, "बाजारात नेताना नाई रंगवत. रंगवून आनला तं आमी त्याचं वय इचारतो."

चष्मेवाला खळखळून हसला, पण नख लागलेल्या जागी त्यानं बोटानं रंग फिरवून पाहिला.

मी धुळकट गाडीपाशी बसलो. किक मारताना पायाला दाब लागत होता, म्हणजे आतल्या रिंगा शाबूत होत्या. तेल गळत होतं, पण थेंब थेंब. साखळी सैल होती, ती ओढता येते. प्लग काढून ठिणगी पाहिली, निळी पडली. तिसऱ्या किकेला इंजिन लागलं आणि आधी काळा, मग पातळ धूर सोडून एका लयीत चालायला लागलं. मी उघडं बोलायला घाबरत होतो. माझ्या शब्दावर दुसऱ्याचा पैसा जाणार होता, आणि त्याहून मोठं काय जाणार होतं ते मी मनातसुद्धा म्हणत नव्हतो. मी आबांकडे बघून नुसती मान हलवली.

"ओझं घालून चालव," आबा म्हणाले.

आवारात सरकीची पोती होती. आबांनी दोन साइडकारमध्ये टाकायला लावली आणि स्वतः माझ्या मागं बसले. मी आवाराला फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला आबा माझ्या खांद्यावरून पुढं वाकून इंजिनाकडे कान देत. खाली उतरल्यावर म्हणाले, "दम नाई लागला."

तेवढ्यात फाटकातून एक जाडजूड गृहस्थ आत आले. चष्मेवाला धावला. "या शेठजी! हे मूर्तिजापूरचे शेठ, सकाळीच ठरवून गेलेत. शेठ, हीच ना तुमची?" शेठनं धुळकट गाडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आत्ता रोख देतो." घ्यावी तर हीच, आणि ही गेली तर पुन्हा आश्विन येईपर्यंत आबांच्या कशात काही येणार नाही. मी आबांचा सदरा ओढला. आबा पत्र्याच्या सावलीत शांत बसले आणि तंबाखू मळायला लागले.

"घेऊन घ्या भाऊ तुमी," ते शेठला म्हणाले. "आमी पाहुण्याच्या पुढं हात नाई मारत."

शेठ गाडीभोवती घुटमळला. चष्मेवाल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, बायकोला विचारतो. थोड्या वेळानं मी हात धुवायला मागं गेलो तर मूर्तिजापूरचे शेठ नळाखाली चहाच्या कपबशा विसळत होते.

आता भाव. चष्मेवाल्यानं तोंडानं आकडा सांगितला तर आबांनी कान झाकले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून स्वतःच्या उजव्या हातावर टाकलं आणि तो हात पुढं केला. चष्मेवाल्याला कळेना.

"काय दाखवताय पाटील? जादू?"

"हात दे आतमधी."

आमच्याकडे जनावराचा भाव असाच ठरतो. कापडाखाली बोटं धरायची. किती बोटं, कशी धरली, यावरून आकडा कळतो आणि भोवतालच्यांना कळत नाही. मी पटकन त्याला समजावलं. तो "अरे वा, बहोत अच्छा" म्हणत हसत हसत हात घालता झाला. पहिल्यांदा गुदगुल्या झाल्यासारखा करत होता. मग हसू थांबलं. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत न बघता उभे राहिले आणि उपरण्याखाली काहीतरी जिवंत असल्यासारखं कापड हलत होतं. अखेर आबांनी त्याचा सगळा पंजा दाबला आणि उपरणं काढलं. कशातलं कमी पडलं नाही. थोडं उरलं, त्यावर माघारीचं पेट्रोल होणार होतं.

"पाटील, तुम्ही मला लुटलं," चष्मेवाला पैसे मोजता मोजता म्हणाला. तो खूश दिसत होता.

मी विचारलं, "गाडीचा कागद?"

कारखान्यात असताना मी पाहिलं होतं, प्रत्येक गाडीमागं एक पुस्तक असतं. त्यात काय लिहिलेलं असतं ते इंग्रजीत, मला वाचता येत नसे, पण साहेब लोक ते जपून ठेवत.

"कागद नागपूरला आहे. सरकारी काम. मिलिटरीचं नाव कापायचं, तुमचं चढवायचं. आठ दिवसांत टपालानं घरी येईल. गावाचं नाव सांगा."

"कागद येईपर्यंत थोडे पैसे मागं ठेवले तर..."

"अरे! छोकरा वकील आहे काय तुमचा?" तो आबांना म्हणाला. "पाटील, मी तुमच्या कपड्याखाली हात घातला ना? जबान झाली ना?"

आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पायांकडे बघायला लागलो.

"राहू दे बे," ते हळूच म्हणाले. "इकनाऱ्याचं दावं मागू नाई."

आमच्या बाजारांत जनावर विकणारा आपलं दावं देत नाही. जनावर जातं, दावं त्याच्या गोठ्यात राहतं. ते मागणं म्हणजे त्याच्या घरची लक्ष्मी मागणं. घेणाऱ्यानं घरून नवं दावं आणायचं असतं. आबांनी पिशवीतून अंबाडीचं दावं काढलं आणि फटफटीच्या दांडीला गाठ मारून बांधलं. मला तेव्हा कळलं ते कशाला आणलं होतं. चष्मेवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

मूर्तिजापूर, बडनेरा करत आम्ही आलो. आबा साइडकारमध्ये मांडी घालून बसले होते, एका हातानं फेटा धरलेला, दुसऱ्या हातात दाव्याचं टोक. अमरावतीत एका ट्रकवाल्याकडून चोरून पेट्रोलचा डबा घेतला, तेव्हा त्या न मिळालेल्या कागदाची मला पहिल्यांदा भीती वाटली. पंपावर कुपनाशिवाय कोणी देत नव्हतं, आणि कुपन गाडीच्या कागदावर मिळायचं. लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून मोजूनमापून होतं. गावात शिरलो तर मायनं भाकरतुकडा ओवाळला, पुढच्या चाकावर पाणी घातलं, आणि साइडकारमध्ये हात घालून आतली जागा चाचपली. "पाय पसरता येतीन तिले," एवढंच म्हणाली.

आठ दिवस गेले, कागद आला नाही. आणखी आठ गेले. मी अमरावतीच्या कचेरीत गेलो. कुपनाच्या खिडकीतला कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अरे बाबा, तुझी गाडी आहे हे तू म्हणतोस. सरकार कुठं म्हणतं? पुस्तक आण, कुपन ने."

मी अकोल्याला गेलो. आवाराला कुलूप होतं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, माल संपला, चष्मेवाला दिवाळीआधीच मुंबईला गेला. लिलाव कोणाच्या नावावर होता ते त्याला माहीत नव्हतं. मूर्तिजापूरचे शेठ मात्र होते. ते स्टेशनसमोर एका हॉटेलात कपबशा विसळत होते. मला ओळखलं. "मले त्यानं दोन दिवसाचे पैसे बुडवले," म्हणाले. मी त्यांच्याजवळ बाकावर बसून राहिलो. त्यांनी मला चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, "हात देल्ला होता त्यानं." त्यांना राग आलेला नव्हता. त्यांना ते समजतच नव्हतं. साठीच्या आसपासच्या माणसाला, ज्यानं शेकडो बैल घेतले-विकले, पहिल्यांदाच असा माणूस भेटला होता ज्याचा हात म्हणजे नुसता हात होता.

काळ्या बाजाराचं पेट्रोल मी दोनदा आणलं. एकदा त्यात निम्मं रॉकेल निघालं आणि इंजिन खोकून खोकून बंद पडलं. सगळं खोलून साफ करावं लागलं. दुसऱ्यांदा ट्रकवाल्यानं पैसे घेतले आणि सांगितल्या जागी आलाच नाही. मग आबांच्या कशात काही उरलं नाही. टाकीत होतं तेवढंच. मी बांबूची एक कांब तासून घेतली होती, ती टाकीत बुडवून ओली कुठवर होते ते पाहायचो. अमरावतीपुरतं असेल असं मला वाटायचं. नसेलही, असं त्याच्या पाठोपाठ वाटायचं.

दिवाळीनंतर धाकटी आली. सातवा लागला होता. ती हसरी होती, मोठीसारखी अबोल नव्हती. आल्या आल्या फटफटीपाशी गेली आणि म्हणाली, "दादा, हे माह्यासाठी घेतली म्हनतेत. मंग मले एक चक्कर तं मार!"

"पेट्रोल नाही गं."

"चिकटा!"

ती गंमत करत होती, पण तिच्या डोळ्यांत मोठी होती. घरात सगळ्यांच्याच डोळ्यांत होती.

यंत्र उभं राहून आखडतं, हे मला कारखान्यात शिकवलेलं आणि बैल बांधून ठेवला की आखडतो, हे आबांना ठाऊक. म्हणून दर आठवड्याला मी इंजिन थोडा वेळ चालू करायचो. सुरूच झालं नाही तर, ही भीती पेट्रोल जायच्या भीतीहून मोठी होती. प्रत्येक वेळी आबा कांब घेऊन उभे असत आणि बंद केल्यावर स्वतः बुडवून पाहत. दत्तजयंती झाली की धाकटीला आणि मायला अमरावतीत भाड्याची खोली घेऊन ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. फटफटीचा भरवसा उरला नव्हता.

कळा त्याच्या आधीच आल्या. आठवा पुरा व्हायचा होता. सकाळची मोटर गेली होती. धाकटी बागेत संत्र्यांच्या ढिगापाशी बसली होती ती एकदम वाकली. सुईण आली, बघितलं, आणि आबांकडे वळून तिनं नुसती मान हलवली. मोठीच्या वेळीही तिनं अशीच हलवली होती.

दुसऱ्या किकेला इंजिन लागलं. आम्ही साइडकारमध्ये गोधड्या पसरल्या, धाकटीला आत बसवलं. माय जन्मात कधी फटफटीवर बसली नव्हती. लुगड्याचा काष्टा आवळून ती माझ्या मागं एका बाजूला बसली आणि एक हात साइडकारमध्ये धाकटीच्या खांद्यावर ठेवला. आबांना जागा नव्हती. ते काही पावलं बरोबर पळाले.

"हयू चालव, गचके नको देऊ," ते म्हणाले. लगेच म्हणाले, "हयू नको चालवू."

दीड कोसाची गाडीवाट मी कशी काढली आठवत नाही. प्रत्येक दगडाला धाकटी दात आवळायची, ओरडायची नाही. सडकेला लागल्यावर मी वेग धरला. वारा गार होता. मायचा आवाज सारखा कानामागं येत होता, "झालं वं माय, आलं आता, आलं," आणि तो धाकटीसाठी आहे की स्वतःसाठी ते कळत नव्हतं. मला वाटत होतं, पोचतो. गावं मागं पडत होती, कापसाच्या गाड्यांच्या रांगा मागं पडत होत्या, आणि मला खरंच वाटायला लागलं होतं की पोचतो.

अमरावती दोन कोस राहिली असताना इंजिनानं एक हिसका दिला. मी गाडी डावीकडं, उजवीकडं हलवली, टाकीच्या कोपऱ्यातलं शेवटचं खाली यावं म्हणून. थोडी पुढं गेली. मग एका निंबाखाली थांबली.

मी उतरून ढकलायला लागलो. तीन चाकांची ती गाडी, दोन माणसं वर, आणि पुढं चढ. माय उतरली, तीही ढकलायला लागली. मागून कापसाच्या गाड्या येत होत्या. पहिल्या गाडीवाल्यानं बैल थांबवले आणि साइडकारमध्ये डोकावून पाहिलं.

"काहून ढकलून राह्यले बे तिले? उचल पोरीले."

त्यानं गाडीतल्या मोकळ्या कापसात हातानं खड्डा केला आणि आम्ही धाकटीला त्यात ठेवलं. माय तिच्याजवळ चढून बसली. कापसात ती गळ्यापर्यंत बुडाली. बैल त्यानं पळवले, बाजाराला निघालेले ओझ्याचे बैल कधी पळवत नाहीत तसे. मी गाडीच्या मागं पळत होतो. पांढरा कापूस आधी गुलाबी आणि मग लाल होत गेला आणि गाडीवाला एकदा मागं बघून पुन्हा पुढं बघायला लागला. त्या कापसाला जिनिंगवर कोणी हात लावला नसणार. त्याचं गाव मी विचारलं नाही.

दवाखान्यात धाकटीला आत नेलं. दिवे लागायच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मायला म्हणाल्या, तुमची मुलगी वाचली. बाळ पोटातच गेलं होतं, मुलगा होता.

संध्याकाळच्या मोटरनं आबा आले. दवाखान्याच्या पायरीवर मी बसलो होतो. ते माझ्यासमोर उभे राहिले.

"हाय?"

"आहे."

ते खाली बसले. मग मी बाकीचं सांगितलं. त्यांनी फेटा सोडून मांडीवर घेतला आणि तो पुन्हा बांधायला घेतला, पण बांधला नाही. आतल्या बाईनं कापडात गुंडाळलेलं आणून दिलं तेव्हा त्यांनी हात पुढं केले नाहीत. मीच घेतलं. दवाखान्याचा एक गडी कुदळ घेऊन माझ्याबरोबर आला.

फटफटी आणायला मी काही दिवसांनी गेलो. निंबाखाली तिचा सांगाडा उभा होता. चाकं, दिवा, सीट, सगळं गेलेलं. आबांना सांगितलं तर म्हणाले, "राहू दे तठीच." माय पुढे लोकांना सांगायची की फटफटी नसती तर धाकटीही गेली असती. ते खरंही असेल. दोन कोस सोडले तर बाकीचा सगळा रस्ता तिनंच काढला. मला कोणीही एका शब्दानं बोललं नाही. मला त्या घरात अजूनही ताट वाढलं जात होतं, आणि मी जेवत होतो.

धाकटी महिनाभरानं बरी झाली, म्हणजे चालू-फिरू लागली. घरात त्या दिवसाचं नाव कोणी काढायचं नाही असं मायनं सगळ्यांना बजावलं होतं. मी तिच्यासमोर जायचं टाळत होतो. एका सकाळी विहिरीकडं निघालो होतो, तर ती अंगणात भिंतीला टेकून उन्हात बसली होती. तिनं हाक मारली.

"दादा, तू नेलं होतं ना त्याले?"

"हो."

"मले पाहू नाई देल्लं कोणी. तू पाह्यला?"

मी आत मायकडे नजर टाकली. मग तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"पाहिला. कापड बाजूला करून पाहिला."

"कसा होता?"

"केस खूप होते. काळे. कपाळ रुंद."

"आबासारखं?"

"आबांसारखं."

"अन् हात?"

"मुठी मिटलेल्या होत्या."

ती लुगड्याच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"थंडी होती त्या दिवशी," ती म्हणाली.

"मी माझा सदरा काढून वरून गुंडाळला."

"सदरा राहू देल्ला तसाच?"

"तसाच."

"बरं केलं," ती म्हणाली.

मायनं आतून हाक मारली, तशी ती भिंतीचा आधार घेत उठली आणि आत गेली.